माध्यमिक शाळांमधील सार्वजनिक खरेदी (महाराष्ट्र)

माध्यमिक शाळांमधील सार्वजनिक खरेदी म्हणजे शासकीय अनुदानातून शाळेसाठी वस्तू वा सेवा विहित नियमांनुसार विकत घेण्याची प्रक्रिया होय. प्रयोगशाळेचे साहित्य, बाके, संगणक, ग्रंथ, क्रीडासाहित्य आणि किरकोळ दुरुस्ती यांचा तीत समावेश होतो. कमी खर्चात योग्य दर्जाची वस्तू मिळवणे, पुरवठादारांना समान संधी देणे आणि खर्चाचा हिशेब तपासता येणे, हे या नियमांचे हेतू आहेत.

नियमांची चौकट

महाराष्ट्र शासनाच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली. तीत ३ लाख रुपयांवरील खरेदीसाठी ई-निविदा विहित होती. अशा मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेले जेम हे ई-बाजारपेठ संकेतस्थळ राज्याने २०१७ मध्ये स्वीकारले.

शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना समग्र शिक्षा योजनेतून (२०१८) पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. माध्यमिक स्तरावर क्रीडासाहित्यासाठी कमाल २५,००० रुपयांची तरतूद आहे. खर्चाचे निर्णय शाळा व्यवस्थापन व विकास समिती घेते. खाजगी अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदान मिळते. त्यांच्या संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असल्यास त्यांना न्यासाचे लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते.

प्रक्रिया

प्रथम गरज निश्चित करून समितीचा ठराव केला जातो. नंतर वस्तूचे तपशील लिहून किमान तीन दरपत्रके मागवतात व तुलनात्मक तक्ता तयार करतात. तपशील पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराच्या पुरवठादारास पुरवठा आदेश दिला जातो. माल तपासून साठा नोंदवहीत, तर टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत नोंदवल्यावरच देयक अदा होते. निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एकाच गरजेचे तुकडे पाडून खरेदी करणे निषिद्ध आहे. एकाच व्यक्तीने तीन नावांनी दिलेली दरपत्रके स्वीकारल्यास कागदपत्रे पूर्ण दिसतात, परंतु स्पर्धा झालेली नसते.

मावळ व लोणावळा

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचे मुख्यालय वडगाव येथे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा प्रामुख्याने प्राथमिक स्तराच्या असल्याने ग्रामीण भागातील माध्यमिक शिक्षणाचा बराच भार खाजगी अनुदानित संस्थांवर असतो. माध्यमिक शाळांवर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांचे नियंत्रण असते.

लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे बाजारपेठ जवळ आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील दुर्गम गावांना मात्र दरपत्रकांसाठी प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी वाहतूक खर्च दरात समाविष्ट आहे की नाही, हे आधीच लिहून घेतले नाही तर सर्वांत कमी दर प्रत्यक्षात महाग पडू शकतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर शैक्षणिक वर्ष जूनमध्ये, अतिवृष्टीच्या या पट्ट्यात पावसाबरोबरच सुरू होते. छपराची दुरुस्ती त्यापूर्वी व्हावी लागते. निधी वर्षाअखेरीस आल्यास खर्च घाईने होण्याचा धोका असतो.

केंद्रीकरणाचा वाद

शाळेने स्वतः खरेदी करावी की शासनाने एकत्रित, हा प्रश्न राज्यात वारंवार उपस्थित झाला आहे. एकत्रित खरेदीत दर कमी मिळण्याची शक्यता असते, परंतु पुरवठा रखडल्यास सर्वच शाळांना त्याची झळ बसते. २०२४-२५ मध्ये पहिली ते आठवीच्या गणवेशाचे कापड राज्यस्तरावर घेण्यात आले. वाटपास विलंब झाल्याच्या तक्रारींनंतर ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातील योजनांमधील कथित गैरव्यवहारांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या समितीने केली. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना काही वस्तूंऐवजी थेट बँक खात्यात रक्कम देण्याची पद्धतही पुढे स्वीकारण्यात आली.

उत्तरदायित्व

शासनाकडून लक्षणीय निधी मिळणाऱ्या संस्था माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कक्षेत येतात. त्यामुळे पालकांना ठराव, दरपत्रके व देयके यांच्या प्रती मागता येतात.