बेटीबाईंचा केक

१९५७ साली अमेरिकेत मुलांसाठी एक पाकपुस्तक निघालं, ‘बेटी क्रॉकर्स कुक बुक फॉर बॉइज अँड गर्ल्स’. गंमत म्हणजे या बेटीबाई कधी जन्मल्याच नव्हत्या! १९२१ मध्ये मिनियापोलिसच्या वॉशबर्न-क्रॉस्बी या पीठगिरणी कंपनीकडे गृहिणींच्या शंकांची पत्रं येऊ लागली. उत्तरांखाली सही करायला कंपनीनं हे नाव घडवलं.

पुस्तकामागेही पीठ आणि केकची तयार मिश्रणं खपवण्याचा हिशेब होताच. पण त्यातल्या पाककृती आधी बारा मुलामुलींनी घरी करून पाहिल्या आणि त्यांचे अभिप्राय पुस्तकात छापले गेले. स्वयंपाक हे बायकांचंच काम मानलं जाई, त्या काळात शीर्षकात मुलगेही होते. ओव्हन तापवणं, पीठ मोजून घेणं ही जबाबदारी मुलांच्या हाती आली.

२००३ मध्ये हे पुस्तक जसंच्या तसं पुन्हा निघालं. ज्यांनी लहानपणी त्यातून केक केला होता, ते आता आजी-आजोबा होण्याच्या वयात आले होते. त्यांना ती जुनी पानं नातवंडांपुढे उघडता आली.

बेटीबाई खोट्या होत्या, पण मुलांनी भाजलेला केक अगदी खरा होता.