देवाची इच्छा ओळखायची कशी? टिळक दांपत्याचे तीन निर्णय

सुरुवात आपल्या रोजच्या प्रश्नाने करू. घरात लग्नाचा, नोकरीचा किंवा सेवाकार्याचा निर्णय आला की कुणीतरी म्हणतंच, "प्रार्थना करा, देव मार्ग दाखवील." हे खरंच आहे. पण दाखवलेला मार्ग देवाचाच, हे ओळखायचं कसं? गिदोनाने खळ्यात लोकर ठेवली होती. आपणही ठेवतो. आठवड्यात पत्र आलं तर देवाची इच्छा, नाही आलं तर नाही! आज उपदेश बाजूला ठेवून आपण इतिहासाला विचारू, आणि तोही आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासाला.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घराणं, कवी माणूस, धर्माविषयी अस्वस्थ. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगितलं.

आता बघा, ही खूण मानावी अशीच घटना आहे. पण टिळक दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा घ्यायला धावले नाहीत. त्यांनी पुस्तक वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. मग विचार, प्रार्थना, ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार, असं सगळं चालू राहिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही त्यांनी परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, भारतीय पाळकाच्या हातून घेतला. म्हणजे खुणेने दार दाखवलं असेल, पण दारापर्यंत चालायला दोन वर्षं लागली. हा पहिला निर्णय.

या गोष्टीची दुसरी बाजू आपण बहुधा घाईने ओलांडतो. टिळकांना मार्ग दिसला, पण त्यांच्या पत्नीला दिसला नव्हता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा संसारावर कोसळलेला डोंगर होता. लहान मुलाला घेऊन त्या पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येतं आणि त्या हसण्याखालचं दुःखही लपत नाही. एकाला झालेलं मार्गदर्शन दुसऱ्याच्या गळ्यात हुकूम म्हणून बांधता येतं का? इतिहासाचं उत्तर इथे स्पष्ट आहे: लक्ष्मीबाई पतीच्या निर्णयामुळे ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढे त्या अहमदनगरकडे पतीजवळ राहायला आल्या, तरी सोवळं पाळतच होत्या.

बदल झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचारातून. देवाने प्राण्यांच्या जाती निर्माण केल्या, पण माणसांत फक्त स्त्री आणि पुरुष केले. मग ही जातपात कुणाची? माणसाचीच! हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळताच आचरणही बदललं. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पतीच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती. आम्हाला तर हा दुसरा निर्णय पहिल्याहून मोठा वाटतो, कारण इथे गाडीतला अनोळखी प्रवासी नाही, भाकीत नाही. चुलीजवळची एक बाई आहे आणि तिचा प्रामाणिक प्रश्न आहे.

तिसरा निर्णय १९१७ चा. टिळक पंचावन्न वर्षांचे होते. मिशनमध्ये नाव होतं, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन हाती होतं. तरी मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं, मंडळीला इथल्या मातीचा वास यावा, ही त्यांची तळमळ होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. 'ख्रिस्तायन'ही अपुरं राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

मग हा निर्णय चुकला का? यश मिळालं म्हणजे देवाची इच्छा आणि नाही मिळालं म्हणजे आपली चूक, असा हिशेब आपण फार सहज मांडतो. त्या हिशेबात टिळकांचा दरबार बसत नाही. खरं सांगायचं तर वधस्तंभही बसत नाही.

तेव्हा या तीन निर्णयांतून आपण काय घेऊन जायचं? खूण मिळाली तर नाकारू नये, पण वचन आणि विचार यांच्यापुढे ती तपासावी. घाई करू नये. आपल्याला मिळालेलं उत्तर घरच्यांवर लादू नये. त्यांनाही देवाशी बोलायला वेळ द्यावा. आणि लक्ष्मीबाईंसारखं, जेवढं उमजलं तेवढं आधी आचरणात आणावं. पुढचं पाऊल बहुतेक वेळा त्यानंतरच दिसतं.

पुढच्या व्याख्यानात आपण हाच प्रश्न घेऊन पंडिता रमाबाईंकडे जाऊ. आज इथेच थांबू.