धुळ्याचें श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर

असोदा हें गांव जळगांवानजीक आहे. पण १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले तोंपर्यंत त्याचें जिल्ह्याचें ठाणें धुळें हेंच होतें. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं या असोद्यास झाला. त्यांस लिहितां येत नव्हतें. चिरंजीव सोपानदेव प्रभृतींनीं गाणीं टिपून ठेविलीं, म्हणून तीं १९५२ सालीं छापतां आलीं. टिपणारा न भेटल्यास शब्द जातो, हें उघड आहे. टिपलेल्या कागदास घर न मिळाल्यास तोहि जातो, इकडे मात्र लक्ष कमी असतें. असें एक घर जुन्या जिल्ह्याच्या ठाण्यांत, धुळ्यास, उभें राहिलें, त्याची हकीकत येथें देतों.

धुळ्यास १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा निघाली. तिच्या द्वारें कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी मठ धुंडाळून बाडें व पोथ्या जमविल्या, आणि डोमगांव मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ सालीं दासबोध छापिला. ग्रंथ छापला कीं जुनी पोथी अडगळींत टाकावी, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. देवांनीं ती पाळली नाहीं, हा त्यांचा मोठा उपकार आम्ही समजतों. १९३५ सालीं त्यांनीं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर स्थापिलें. नांव मंदिराचें, परंतु येथील दैवत म्हणजे हस्तलिखितें. समर्थांच्या हातचें म्हणून मानिलें जाणारें वाल्मीकि रामायण येथेंच आहे. हस्ताक्षराविषयीं कोणास शंका असेल तर त्यानें पानें समोर घेऊन ती खुशाल घ्यावी. मूळ प्रत शाबूत असल्यामुळेंच ती घेतां येते.

उलट उदाहरण राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचें. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं एकनाथपूर्वकालीन ठरविलेल्या एका पोथीवरून १९०९ सालीं ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती पोथी पुढें नाहींशी झाली. आतां तिचा कागद, तिचें वळण, तिच्यांतील खाडाखोड यांविषयीं राजवाड्यांच्या शब्दावांचून दुसरा आधार उरला नाहीं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड ज्यांनीं दिले, त्यांच्याच हातून हें व्हावें, याचें वाईट वाटतें. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले. १९२७ सालीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें व त्यांचा संग्रह त्या गांवांत राहिला. अशा रीतीनें एका गांवांत दोन दप्तरें झालीं.

खानदेशांतील ज्या घरीं अद्यापि रुमाल बांधलेले आहेत, त्या संग्राहकांस एवढीच विनंति कीं, पोथी छापलेल्या ग्रंथाची दिसली तरी ती टाकूं नये. पाठभेद, लेखकाचें नांव, नकलेचा शक हें त्या एकाच प्रतींत असूं शकतें. पोथी कोठें दिल्यास ती कोणत्या गांवची व कोणत्या घराण्यांतील, हें चिठ्ठीवर लिहून त्याच रुमालांत ठेवावें.