विदाबंधन

विदाबंधन किंवा डेटा बाइंडिंग ही आज्ञावलीतील विदासंग्रह आणि फॉर्मवरील कंट्रोल (मजकुराची चौकट, कॉम्बो बॉक्स, तक्ता इत्यादी) यांना जोडण्याची पद्धत आहे. व्हिज्युअल बेसिकच्या १९९३ मधील तिसऱ्या आवृत्तीत ती डेटा कंट्रोलच्या रूपाने उपलब्ध होती. २००२ मध्ये डॉट नेटसोबत आलेल्या विंडोज फॉर्म्समध्ये साध्या सूचीही अशा प्रकारे जोडता येऊ लागल्या.

उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले ते जामखेड असे १४ तालुके आहेत. ही नावे कॉम्बो बॉक्समध्ये एकेक करून भरण्याऐवजी तालुक्यांची सूची त्याच्या ‘डेटासोर्स’ या गुणधर्माला दिली जाते. ‘डिस्प्लेमेंबर’ने दिसणारे नाव ठरते, तर ‘व्हॅल्यूमेंबर’ने त्यामागील संकेतांक. डिस्प्लेमेंबर द्यायचा राहिल्यास यादीत तालुक्यांऐवजी क्लासचेच नाव १४ वेळा दिसते; नवशिक्यांना हा अनुभव हमखास येतो.

नाव आणि संकेतांक वेगळे ठेवणे ही केवळ औपचारिकता नाही. कर्जत नावाचा तालुका रायगड जिल्ह्यातही आहे. शिवाय २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नामकरण अहिल्यानगर असे झाले. नोंदींमध्ये नावच साठवले असेल, तर एकाच जिल्ह्याच्या नोंदी दोन नावांखाली विभागल्या जातात आणि बेरजा चुकतात. २०११ च्या जनगणनेतील ५२२ सारखा संकेतांक साठवला असेल, तर जिल्ह्यांच्या सूचीतील एक ओळ बदलणे पुरेसे ठरते.

बदलांची सूचना

सूची जोडली म्हणजे तिच्यातील पुढचे बदल आपोआप पडद्यावर दिसतीलच असे नाही. साधी ‘लिस्ट’ नवीन घटकाची वार्ता कंट्रोलला देत नाही. त्यासाठी विंडोज फॉर्म्समध्ये ‘बाइंडिंगलिस्ट’ आणि २००६ च्या डब्ल्यूपीएफमध्ये ‘ऑब्झर्व्हेबलकलेक्शन’ वापरतात. घटकाच्या आतील नाव बदलल्यास त्या घटकानेही ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’द्वारे तसे कळवावे लागते. डेटासोर्स दिल्यानंतर कॉम्बो बॉक्सच्या ‘आयटम्स’मध्ये थेट भर घालता येत नाही, तसे केल्यास आज्ञावली त्रुटी देते.

सामायिक स्थान

‘जन्माचा तालुका’ आणि ‘राहण्याचा तालुका’ असे दोन कॉम्बो बॉक्स एकाच सूचीला जोडल्यास एकात पाथर्डी निवडताच दुसऱ्यातही पाथर्डी येते. सूचीतील सध्याचे स्थान ‘करन्सीमॅनेजर’ सांभाळतो आणि तो दोघांसाठी एकच असतो. (नावातील करन्सीचा चलनाशी संबंध नाही.) प्रत्येक कॉम्बो बॉक्सला स्वतंत्र ‘बाइंडिंगसोर्स’ दिल्यास दोन्ही निवडी वेगळ्या राहतात.