सरकारी उर्दू शाळेचा पट कसा वाचावा

प्रत्येक शाळेला यू-डायसचा ११ अंकी क्रमांक असतो. त्यावरून शाळेतली मुलं-मुली, अल्पसंख्याक विद्यार्थी आणि शिक्षक किती ते कळतं. पालक बहुधा एकूण पट बघून थांबतात. इयत्तावार बघा. चौथी-पाचवीनंतर मुली कमी दिसल्या, तर पुढचे उर्दू वर्ग किती लांब आहेत ते विचारा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन; म्हणजे एकेका सरांकडे दोन-तीन इयत्ता! तिसरीतलं मूल उर्दू उतारा समजून वाचतं का, हे मात्र या माहितीत नसतं. आम्ही शिक्षक म्हणून सांगतो, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या सदस्य महिला. अम्मींनीही बैठकीला यावं, मुलांना समोर वाचायला लावावं.