निर्वासित वकील ते संसदसदस्य : राम जेठमलानी

कल्याणहून लोहमार्गाने पुढे गेले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे एकापाठोपाठ लागतात. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील. त्याच्या शेजारचे उल्हासनगर मात्र फाळणीतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी बदलापूरवरून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचे नाव या वसाहतीस दिले.

अशा विस्थापितास मराठीत ‘निर्वासित’ म्हणतात, हिंदीत ‘शरणार्थी’. पहिला शब्द त्याने काय गमावले हे सांगतो, दुसरा तो काय शोधतो हे सांगतो. राम जेठमलानी यांच्या चरित्राचा विचार करताना आम्हांस हे दोन्ही शब्द आवश्यक वाटतात.

जेठमलानी यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ रोजी सिंधमधील शिकारपूर येथे झाला. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. वकिलीसाठी एकवीस वर्षांची अट असताना, खास अपवाद करून त्यांना अठराव्या वर्षीच परवानगी देण्यात आली. १९४८ मध्ये कराची सोडून ते मुंबईस आले. निर्वासितांना अमानुष वागणूक देणाऱ्या मुंबई निर्वासित कायद्यास त्यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले व त्यात यश मिळविले. ज्याचे घर गेले, त्याने कायद्यातच आश्रय शोधला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१९७१ मध्ये त्यांनी उल्हासनगरहून अपक्ष म्हणून लोकसभेची निवडणूक लढविली. शिवसेना व जनसंघ यांचा पाठिंबा असूनही ते पराभूत झाले. निर्वासितांच्या नगरीने निर्वासित वकिलास संसदेत पाठविले नाही. संसदेचे दार उघडले ते निराळ्याच प्रश्नावर.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वकिलांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष असलेल्या जेठमलानी यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर कठोर टीका केली. केरळमधील न्यायालयाने त्यांच्या अटकेचे वॉरंट काढले. तेव्हा नानी पालखीवाला यांच्या नेतृत्वाखाली तीनशेहून अधिक वकील मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले आणि वॉरंटला स्थगिती मिळाली. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदीप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा मताने असा निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीस आपल्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. कायद्याचा आश्रयच नाहीसा झाल्यावर जेठमलानी उत्तर अमेरिकेत गेले. निर्वासिताच्या नशिबी हा दुसरा निर्वास आला.

१९७७ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघातून ते विजयी झाले. त्यांनी पराभव केला तो आणीबाणीतील कायदामंत्री ह. रा. गोखले यांचाच. ते सदस्य असलेल्या त्या संसदेने १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती संमत केली. अनुच्छेद २१ मधील जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, ही तरतूद तीतच आहे. १९७६ चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरविला.

पुढील वाटचाल सरळ नव्हती. १९८० चा विजय, नंतर सुनील दत्त यांच्याकडून पराभव, १९८८ मध्ये राज्यसभा, दोनदा कायदामंत्रिपद, २००४ मध्ये लखनौ येथे अटलबिहारी वाजपेयी यांच्याविरुद्ध उमेदवारी, असा हा प्रवास झाला. ८ सप्टेंबर २०१९ रोजी निधन झाले तेव्हा ते बिहारमधून राज्यसभेचे सदस्य होते. त्यांनी पक्ष अनेकदा बदलले. या अस्थैर्यावर टीका झाली, ती अगदीच अनाठायी नव्हती. तथापि आरोपी कितीही अप्रिय असो, त्याची बाजू न्यायालयात मांडली गेलीच पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

आमच्या मते या चरित्राचे महत्त्व त्यांच्या पदांत नाही. कायदा दुर्बलाचे आश्रयस्थान असतो, पण ते आश्रयस्थान राज्यसत्ता एका निर्णयासरशी बंद करू शकते, हे त्यांच्या पिढीने अनुभवले. म्हणूनच ते दार उघडे राखण्याचे काम केवळ वकिलांचे नाही. ते विधिमंडळांचे आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांचेही आहे.