डबेवाल्यांची रजा

सन १८९० मध्यें महादू हवाजी बच्चे यांनीं शंभरएक माणसांनिशीं मुंबईंत जेवणाचे डबे पोंचविण्याचा व्यवसाय मांडिला. माणसें बहुतेक मावळ-खेडकडचीं. त्यांच्या घरीं लग्न, पेरणी, आजार हे असणारच. मग एकजण गांवीं गेला, तर त्याच्या वांट्याचे तीसचाळीस डबे भुकेल्या गिऱ्हाइकांस कोणीं न्यावयाचे?

प्रत्येक टोळींत एकदोन माणसें जादा ठेवण्याची रीत पडली. तींहि न पुरलीं, तर मुकादम स्वतः ओझें उचली. बदली माणसास पत्ताहि पुसावा लागत नसे. कोठल्या स्टेशनावर उतरावयाचें, इमारत कोणती, मजला कितवा, हें सारें डब्याच्या झांकणावरच खुणांनीं रंगविलेलें असे. आम्हां मास्तरांचें मात्र उलट! एक शिक्षक रजेवर गेला, कीं धडा कोठें थांबला हें शेजारच्या वर्गावरील शिक्षकास ठाऊक नसे.

चैत्रांत गांवोगांवच्या जत्रा आल्या, कीं ही युक्ति लंगडी पडे. कारण बदली माणूसहि त्याच मुलखांतला! तेव्हां थोडक्या माणसांवर अर्धवट काम रेटण्यापेक्षां गिऱ्हाइकांस आधीं कळवून सर्वांनींच पांचसहा दिवस एकदम सुटी घ्यावी, असा प्रघात पडला. त्या दिवसांत कचेरींतले कारकून आपला डबा स्वतःच बगलेंत मारून गाडी गांठीत.